तळ्याचं अस्तर

२ फेब्रुवारी

पोचले एकदाची. बसमधून उतरले तेव्हा अंगावर इतकी धूळ होती की भाऊजींनी मला आधी ओळखलंच नाही, किंवा ओळखून न ओळखल्यासारखं केलं. त्या माणसाचा काही नेम नाही. ताई दारात उभी होती. म्हणजे आधी पोट दारात आलं आणि मागून ताई. मी तसं म्हणाले तर तिने पाठीत धपाटा घातला आणि मग रडली. लग्नाला नऊ वर्षं झाली, मधे दोनदा होत्याचं नव्हतं झालं, तेव्हा हे आलेलं सातव्या महिन्यापर्यंत टिकलंय हे तिला अजून खरं वाटत नाही. रात्रंदिवस हात पोटावरच असतो. तारीख एप्रिलच्या मध्यावरची. आई गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मीच. त्यामुळे नोकरी इथलीच मिळाल्यावर दुसरा विचार केला नाही.

घर छान आहे. पत्र्याच्या छपराच्या घरांची एक रांग, त्यात शेवटचं आमचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे फरशीचा लहानसा ओटा आणि पुढे मातीचं अंगण. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळं दिसतं. भाऊजींनी मला चहासुद्धा पिऊ दिला नाही, आधी खिडकीशी नेऊन उभं केलं. जणू स्वतःच्या हातांनी ओतलंय. एका अर्थी ओतलंयच म्हणा, तळ्याचं सगळं काम त्यांच्याच हाताखाली झालंय. मैलोन्‌मैल पसरलेला उजाड माळ, गवताची काडी नाही, आणि मधोमध हे एवढं थोरलं निळं पाणी. या माळाची धूळ उडून शहरातली पोरं खोकून बेजार व्हायची. आता ती थांबली, हवा निवली, पक्षी यायला लागले. अशी आणखी दोन तळी करायची आहेत. भाऊजी सांगत होते की पहिल्या तीन वेळा भरलेलं पाणी जमिनीने बघता बघता पिऊन टाकलं, पण या वेळी भरल्यापासून एक बोटही उतरलेलं नाही. हे त्यांनी मला जेवतानाही दोनदा सांगितलं.

६ फेब्रुवारी

माझं काम म्हणजे तळ्यावरची बाग. रिकाम्या पिंपांवर जाळ्या बांधायच्या, त्यात पाणवनस्पती लावायच्या आणि ते वाफे तरंगत सोडायचे, म्हणजे पक्ष्यांना घरटी करायला जागा. वाफ्यांपर्यंत जायला पिंपांचाच एक फळ्या ठोकलेला तराफा आहे. तो वल्हवताना पहिल्या दिवशी मी गोल गोल फिरले आणि काठावरच्यांची चांगली करमणूक झाली. शिवाय काठावर झाडं लावायची आहेत. ती आधी दोनदा लावून जळाली म्हणे. माझ्या हाताला यश आहे, असं मी ठणकावून सांगितलं आहे. बघू.

पाणी टिकलं ते अस्तरामुळे. लांबून आणलेली चिकणमाती तळाला थरावर थर द्यायची. पण यंत्राने दाबली की तिला तडे जातात, म्हणून ती पायांनी तुडवायची. अनवाणी, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, अख्ख्या वसाहतीने. वसाहतीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनीही तुडवलीय. काल दुसऱ्या तळ्याचा पहिला थर होता, मीही उतरले. गुडघ्यापर्यंत गार चिखल, मजा आली. ताईला कुठलं राहवतंय, तिने काठाला खुर्ची मांडून पाय आत सोडले आणि बसल्या बसल्या माती मळली. भाऊजी म्हणाले, होणाऱ्या बाळाचीही पावलं लागली.

माती उपसायचं पोकलेन यंत्र चालवणारा आमचा शेजारी आहे. काडीपैलवान, म्हणून सगळे त्याला पैलवानच म्हणतात. घरी म्हातारी आई आणि दोन वेण्यांची लेक. बायको नाही. लेक मला दिवसातून दहा प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट न बघता पळते.

१३ फेब्रुवारी

इथलं एक सुख लिहून ठेवायला हवं. कपडे वाळत घाला आणि पाठ वळवा, वाळलेले. ताईच्या जाड चादरीसुद्धा. फरशी पुसली तर फडकं पिळून येईपर्यंत खडखडीत. मी म्हटलं, इथे आळशी बाईचाही संसार नेटका दिसेल.

फक्त पिण्याच्या पाण्याचा पिंप सकाळी निम्मा होतो. मी भाऊजींवर आळ घेतला की चोरून आंघोळी करता. ते म्हणाले, पिंप गळका असेल. उलटा करून बघितला, कुठे चीर नाही. आता तो स्टुलावर ठेवलाय. थोडा फरक पडला.

२१ फेब्रुवारी

काठावरची सगळी रोपं गेली. रोज दोन वेळा पाणी घालत होते, स्वतःच्या हाताने. आज सकाळी पाणी घातल्या घातल्या एक उपटून पाहिलं. मुळं करकरीत वाळलेली, चुरा झाला बोटांत. खालची मातीही कोरडी. तेवढं पाणी गेलं कुठे? आणि तिथून हातभर अंतरावर तळं भरलेलं, आणि तरंगत्या वाफ्यांवरची रोपं अशी माजलीत की कापावी लागतायत. एकच हात, एकच पाणी. माझ्या यशाचे धिंडवडे निघाले, पण मला त्याचं वाईट वाटत नाहीये. मला कसंतरी वाटतंय.

सगळ्यांचेच ओठ फुटलेत. नर्सबाई घरोघर मीठसाखरेच्या पुड्या वाटतायत. ताई तांब्यावर तांबे पिते आणि घशाची कोरड काही जात नाही.

२७ फेब्रुवारी

दुपारी ताई अंगणात खुर्ची टाकून बसली होती, चपला काढून. मी हात देऊन उठवलं. ती पुढे गेली आणि मी खाली बघितलं. मातीवर दोन पावलं होती. ओली. ताईचे पाय कोरडे होते, मी हात लावून पाहिले, टाचा भेगाळलेल्या. मग ती पावलं कडेकडून आत आटत आटत गेली आणि माती पुन्हा पहिल्यासारखी. सगळं बघता बघता.

ताई म्हणाली, घाम असेल. मग मी उभी राहिले, अनवाणी, थोडा वेळ. तळव्यांना काही होत नाही. दुखत नाही, खुपत नाही. उलट बरं वाटतं. पाय उचलला तर तिथेही ओलं पाऊल.

भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही दोघी बहिणी एकत्र आलात की असंच होतं.

४ मार्च

शहरात तपासणीला जाऊन आलो. डॉक्टरीणबाई पडद्यावर बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, बाळ ठीक आहे, पण पोटातलं पाणी कमी झालंय. भरपूर प्यायचं, झोपून राहायचं, आठवड्याने पुन्हा दाखवायचं. मी म्हटलं, आपण इथेच शहरात खोली घेऊन राहू. ताईने मान हलवली. तिला तिचं घर हवं, तिची खाट हवी. भाऊजींना दुसरं तळं भरायचंय. मी हट्ट धरायला हवा होता. तेव्हा मला वाटलं, आपण उगाच राईचा पर्वत करतोय.

परत आल्यावर खाटेखाली विटा लावल्या. फरशीपासून जितकं उंच तितकं बरं. का ते कुणाला सांगितलं नाही.

१० मार्च

पैलवानाची आई गेली. दुपारी उंबऱ्याखाली मातीत बसली होती, भिंतीला टेकून. रोज तशीच बसायची. नात बोलावायला गेली तर उठेना.

उचलायला मी होते. वजनच नव्हतं. काल माझ्याशी बोललेलं माणूस, हाताला लागलं ते सुकलेलं लिंबू. ती बसली होती तिथे मातीवर अख्खं माणूस उमटलं होतं. पाय, मांड्या, टेकलेला एक तळहात. ओलंगच्च. आमच्या डोळ्यांदेखत ते लहान होत गेलं आणि तळहात सगळ्यात शेवटी गेला. नर्सबाई म्हणाल्या, ऊन लागलं. गार वारं सुटलेलं होतं.

संध्याकाळी पैलवान पायरीवर बसला होता. मी जाऊन बसले. मला कुणाला तरी सांगायचंच होतं. मी म्हटलं, या जमिनीने आधी तीनदा भरलेलं तळं प्यायलं. आता आपण अस्तर घालून तिचं तोंड बांधलंय. पाणी समोर, आणि तिला थेंब मिळत नाही. तिची तहान कुठे जाणार? आणि माती तुडवताना आपणच आपली पावलं तिला दिली. लेक त्याच्या मांडीवर झोपली होती. त्याने तिचे लोंबणारे पाय उचलून वर घेतले.

भाऊजींना हेच सांगितलं तर ते चिडले. म्हणाले, शिकलेली बाई आणि गावभर भुतं सांगत फिरते. पण आज ते घरातही बूट काढत नाहीत, हे मी पाहिलं.

१५ मार्च

क्रमाने लिहिते.

ताईने सकाळपासून बाळ हललं नाही म्हटलं. तिची जीभ कोरडी पडून टाळ्याला चिकटत होती, डोळे खोल गेलेले. भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. जीप काढली. माळ अर्धाही ओलांडला नाही तोच गाडीतून वाफ निघाली आणि इंजीन बंद. झाकण उघडलं तर आत पाण्याचा टिपूस नाही. सोबतचे कॅन ओतले. खालून कुठे गळलं नाही आणि वर काही राहिलंही नाही. रुग्णवाहिका बोलावली, ती समोरून येताना लांबवर तशीच बंद पडली. तिचा ड्रायव्हर तिथून हात हलवत होता. मग तो बसला. मग आडवा झाला.

परत चालत निघालो. मी आणि भाऊजी ताईला दोन्हीकडून धरून. मी एकदा मागे वळून पाहिलं. तिची पावलं ओली, माझी ओली, आणि भाऊजींच्या बुटांचीही. बूटसुद्धा.

तळ्याच्या बांधावर ती कोसळली. तराफा तिथेच बांधलेला होता, त्यावर पाणवनस्पतींसाठी केलेली सावली होती, म्हणून तिथे निजवलं. दोर सुटला आणि तराफा आत गेला, आम्ही तिघंही. कुणाचं लक्ष नव्हतं. काठ लांब राहिला आणि ताईने डोळे उघडले. पाणी मागितलं. प्यायली आणि ते तिच्या अंगी लागलं. थोड्या वेळाने तिने माझा हात धरून पोटावर ठेवला. आत लाथ बसली.

खाली अस्तर आहे. अस्तराच्या वर पाणी, पाण्यावर आपण. इथे जमिनीचं तोंड पोचत नाही.

१६ मार्च

तराफ्यावरच राहतोय. ताईचे ओठ मऊ झाले. बाळ दिवसभर हलतंय. ताई म्हणाली, पोहायला शिकतंय. आम्ही दोघी हसलो. आणि मग मी तोंड फिरवून रडले.

भाऊजी काठापर्यंत पोहत जाऊन नर्सबाईंकडून लागेल ते सामान घेऊन आले. फोनवर सगळ्यांना सांगून झालं. लोक येणार आहेत, पण माळ ओलांडून कसे येणार ते कुणी सांगत नाही. डोक्यावरून विमानं जातात. वरून बघणाऱ्याला वाटेल, काय सुंदर तळं.

१७ मार्च

पैलवान काठावर आला. लेकीला खांद्यावर घेऊन. ओरडून म्हणाला, हिला तरी घ्या, मी नको. तिच्या वेण्या सुटल्या होत्या, मान टाकली होती.

भाऊजी म्हणाले, तराफा आधीच दबलाय, पिंपं बुडायला आली. उद्या दुसरा बांधतो, उद्या नक्की. तसे ते खोटारडे नाहीत. त्यांनी खरंच पिंपं मोजून ठेवली.

तराफ्याच्या कोपऱ्यात माझ्या रोपांच्या कुंड्या होत्या. त्या पाण्यात ढकलल्या असत्या तर एवढ्याशा पोरीपुरती जागा होती. मला ते दिसत होतं. मी ताईच्या पोटाकडे बघितलं आणि गप्प बसले.

तो बराच वेळ उभा होता. त्याच्या पायाखालची माती काळी झाली. मग गेला.

१८ मार्च, सकाळ

कुंड्या ढकलून दिल्या. भाऊजींना म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन पोरीला घेऊन या. ते निघणार तोच —

पोकलेनचा आवाज. बांधावर.

लेक त्याच्या मांडीवर आहे, काचेतून दिसतेय. मी हाका मारल्या. कोपरा मोकळा केलाय, आण तिला, आण. त्याने यंत्र थांबवलं. दार उघडून बाहेर वाकला. आमच्याकडे बघून हात जोडले. मग परत आत जाऊन बसला.

पोकलेनचा हात पाण्यात गेला. वर आला तेव्हा दात्यांत चिकणमाती होती. अस्तर.

मीच सांगितलं होतं त्याला. जमिनीचं तोंड बांधलंय म्हणून.

१८ मार्च, दुपार

काठाशी भोवरा. मोठा. खालून घोट घेतल्यासारखा आवाज येतो, मधेच थांबतो, पुन्हा येतो. पाणी उतरतंय. दिसतंय उतरताना.

काठावर माणसं बाहेर आलीत. पैलवानाची लेक उभी आहे. स्वतःच्या पायांवर. मला बरं वाटलं. खरंच वाटलं, आणि त्याच वेळी —

भाऊजी वाफ्यांतली माती घेऊन भोवऱ्याकडे गेले. पोहत. म्हणाले, भोक लहान आहे, पायाने दाबून बसवतो, येतोच. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तुडवत होते. मला दिसत होते. मी ताईला पाणी पाजलं. वर पाहिलं.

नाहीत.

ताईला सांगितलं नाही. तिने विचारलं नाही.

दुपार, नंतर

सगळीकडे चिखल. मधे एवढंसं पाणी आणि त्यात आम्ही. चिखलात मी वल्हं खुपसून पाहिलं, अख्खं गेलं. परत ओढता आलं नाही.

ताईला कळा सुटल्या. महिनाभर आधी.

काठावरून कुणीतरी फळ्या टाकतंय. पैलवान आहे. पोचत नाहीत.

पिंपं खाली खरवडली. टेकलो —

तळव्यांना बरं वाटतंय. नको. नको बरं वाटू.

ताईला माझ्या मांडीवर घेतलंय. माझ्या अंगावर. जे लागेल ते आधी माझ्यातून.

ताईचं पाणी गेलं. फळ्यांवर. फटीतून खाली —

घोटांचा आवाज थांबला. भोवरा थांबला. तळ्यात अजून पाणी आहे, आणि ते उतरत नाहीये. जमिनीला ते नको आहे आता.

डोकं दिसतंय. काळे केस. ताई म्हणते धर, काही झालं तरी खाली टेकू देऊ नकोस, खाली टेकू देऊ नकोस. दोन्ही हात लागणार. वही इथं ठेवते, फळीवर. फळी कोरडी आहे. आत्ता तर सगळी ओली हो—